छताखालचे छत

पितृपंधरवडा संपून घट बसले की दिवाळीपर्यंतच्या त्या मोजक्या आठवड्यांत रायपूरच्या चौबे कॉलोनीतील कोणत्याही गल्लीत शिरावे, एखाद्या तरी फाटकाशी कागदाने मढवलेल्या तक्त्यांची चळत, जस्ती पत्र्याच्या चॅनेलांची मोळी आणि पांढऱ्या भुकटीच्या गोण्या उतरलेल्या दिसतात, आणि आत दिवाणखान्यात दोन घोड्यांवर टाकलेल्या फळीवर उभा राहून कोणी मिस्त्री मान मागे टाकून स्लॅबला भोके पाडत असतो. ज्या घरांत पूर्वी दिवाळीची तयारी म्हणजे जाळीजळमटे काढून चुन्याचा एक हात मारणे एवढीच होती, त्या घरांत आता छताखाली दुसरे छत बसवल्यावाचून लक्ष्मी आत पाऊल टाकणार नाही, अशी समजूत झालेली दिसते. जिप्समच्या बोर्डाचे छत, जिप्समच्या बोर्डाची आडभिंत, आणि त्यांवर काचेसारखी गुळगुळीत लांबी: मध्यमवर्गीय घराच्या सुधारणेचा हा आजचा सर्वमान्य मसुदा आहे.

या मसुद्याला आमचा सरसकट विरोध नाही, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. कारण नव्या वस्तूवर जुन्या माणसाने केलेली टीका म्हटली की वाचक ती अर्धी वाचण्यापूर्वीच निकालात काढतो. जिप्समचा तक्ता ही उत्तम वस्तू आहे आणि तो नीट बसवणे ही एक प्रामाणिक कारागिरी आहे. आक्षेप आहे तो आपण तिच्याकडून करवून घेत असलेल्या कामाबद्दल. जे दुरुस्त करावयाचे ते झाकण्यासाठी आपण तिची योजना करतो. शिवाय, ज्या अंगावर पैसा व वेळ खर्चावयाचा तेथे काटकसर करून जे अंग केवळ मिरवावयाचे तेथे सढळ हात सोडतो.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. जिप्सम हा मऊ खनिज पदार्थ असून आपल्या देशात तो जवळजवळ सगळा राजस्थानातून, बिकानेर, नागौर, जैसलमेर या बाजूंच्या खाणींतून, निघतो. त्याच्या वजनाचा सुमारे 21 टक्के भाग पाण्याचा असतो. मात्र हे पाणी स्फटिकाच्या अंगात बांधलेले असल्यामुळे हाताला दगड कोरडाच लागतो. दीडशे अंशांच्या आसपास भाजला की या पाण्यापैकी पाऊण हिस्सा उडून जातो आणि उरते ती भुकटी म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिस, ज्याला आपल्याकडे मिस्त्रीपासून मालकापर्यंत सगळे पीओपी म्हणतात. पॅरिसच्या मॉंमार्त्र टेकडीच्या पोटातील खाणींवरून त्याला ते नाव पडले. या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती गमावलेले पाणी परत घेऊन घटकाभरात दगड होते. रायपूरच्या परिसरात चुनखडी उदंड, तिच्यावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले, आणि सिमेंट फार लवकर घट्ट होऊ नये म्हणून दळताना त्यात थोडे जिप्सम घालावेच लागते. तेव्हा ज्या घरात बोर्डाचा एक तुकडाही नाही त्या घराच्या तुळयांतही हा राजस्थानी पाहुणा मुकाट्याने वस्तीला आहेच.

ओला गिलावा भिंतीवर चढवून तो वाळण्याची वाट पाहण्यापेक्षा कारखान्यातच वाळलेला गिलावा तक्त्याच्या रूपाने आणून भिंतीवर ठोकावा, ही कल्पना अमेरिकेतली. ऑगस्टिन सॅकेट नावाच्या गृहस्थाने 1894 साली कागदाच्या थरांत प्लॅस्टर दाबून केलेल्या फळीचे पेटंट घेतले. पुढे एका मोठ्या कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, कागदाचे थर कमी होत दोन बाजूंना दोनच उरले, आणि दुसऱ्या महायुद्धात बराकी व युद्धानंतर परत आलेल्या शिपायांसाठी घरांच्या वसाहती झपाट्याने उभारताना गवंड्याच्या हातातली थापी जवळपास सुटलीच. तेथील घर लाकडी सांगाड्याचे. त्या सांगाड्याला आतून काहीतरी मढवणे भागच होते. आपले घर विटांचे आणि स्लॅबचे. तेथे जो तक्ता म्हणजे घराची भिंत, तो आपल्याकडे भिंतीवरची दुसरी भिंत आणि छताखालचे दुसरे छत होऊन आला, आणि हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पुढील पुष्कळसा घोटाळा झाला आहे.

सांगाड्यावर आवरण चढवून आडभिंत करणे आपल्याला अपरिचित होते असे मात्र कोणी समजू नये. कोकणातला कूड म्हणजे कारव्यांच्या किंवा बांबूच्या सांगाड्यावर दोन्ही अंगांनी चढवलेला मातीशेणाचा गिलावाच होता. छत्तीसगडच्या खेड्यांत तर मातीच्या भिंतींवर छुहीचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, हात मारून घर उजळण्याची रीत अजून चालू आहे, आणि सरगुजाच्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांनी बांबू आणि माती यांतून ज्या जाळ्या व जी भित्तिचित्रे घडवली त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली. या सर्व कामांत एक गुण समान होता: ती दरसाल डोळ्यांसमोर असत, पाऊस सरला की कोठे भेग पडली, कोठे पोपडा सुटला हे घरच्या बाईला प्रथम कळे आणि ती तेथे बोट फिरवून ते बुजवी.

दुसऱ्या छताची कथा त्याहून वेगळी आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळात सिव्हिल लाइन्समधील साहेबांच्या बंगल्यांत कवेलूंच्या उंच छपराखाली चुन्याने पांढरे केलेले कापड ताणून बसवीत, म्हणजे वरून पडणारा केरकचरा व विंचूकिरडू खालच्या मेजावर येत नसे. या कापडी छताच्या वर काय चालते हे कोणीच पाहत नसल्यामुळे तेथे उंदीर नांदत, त्यांच्या मागे साप जात. रडयार्ड किपलिंग याच्या ‘लाइफ्स हँडिकॅप’ या 1891 सालच्या संग्रहातील इमरे नावाच्या बेपत्ता साहेबाची गोष्ट ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल की, बंगल्याचा नवा भाडेकरू छताच्या कापडामागे शिरलेले साप काढण्यासाठी शिडी लावून वर डोकावतो, आणि तेथे सापांच्या जोडीला इमरेचे प्रेतच सापडते. आमच्या चौबे कॉलोनीतील छतांवर अशी भयानक ठेव असण्याचा संभव नाही. परंतु गेल्या पावसाळ्यातली गळती, जुन्या वायरिंगचे सोललेले सांधे आणि गंजून फुगलेली सळई एवढा ऐवज बहुतेक ठिकाणी हमखास सापडेल.

कारण नव्या छताची तजवीज बहुधा सुरूच होते ती जुन्या छतावर ओल दिसू लागली म्हणून. या वसाहतीतील जुन्या घरांचे स्लॅब आता वयस्क झाले आहेत. मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापून ते फुगतात, जूनच्या मध्यास मोसमी पाऊस पहिल्यांदा कोसळतो तेव्हा एकाएकी आकसतात. या ओढाताणीत वरचा कोबा तडकतो, पाणी झिरपते, आतली सळई गंजून फुगते आणि खालचा सिमेंटचा पापुद्रा ढलपीढलपीने सुटतो. यावर खरा उपाय गच्चीवर आहे. कोबा फोडून उतार नीट करणे, पावळ्यांची तोंडे मोकळी करणे, कठड्याच्या पायथ्याशी गोलवा भरणे आणि जलरोधक थर देऊन त्यावर पाणी साठवून दोन दिवस पारख घेणे हे काम मेहनतीचे, खर्चाचे आणि अदृश्य. पाहुणा गच्चीवर जाऊन कोब्याची तारीफ करीत नाही. याच्या उलट खाली आठ दिवसांत पांढरेशुभ्र छत, त्याच्या कडेने लपवलेल्या दिव्यांची पिवळी झाक, आणि ठेकेदाराचे ते लाघवी छत्तीसगढी आश्वासन: ‘जम्मो ढँका जाही, बाबूजी.’ सगळे झाकले जाईल, यात शंकाच नाही. बाबूजींची गफलत अशी की झाकले गेले ते मिटले असे ते धरून चालतात.

झाकल्यावर काय होते तेही पाहावे. स्लॅबमधून ठिबकणारे पाणी प्रथम बोर्डाच्या पाठीवर साचते. बोर्डाची ताकद आतल्या प्लॅस्टरमध्ये जेवढी त्याहून अधिक दोन्ही अंगांच्या कागदात असते, आणि कागद भिजला की तो सुटतो, तक्ता दोन चॅनेलांच्या मध्ये झोळासारखा उतरतो, आणि खाली तपकिरी कडेचा डाग उमटेपर्यंत वर किती पाणी मुरले याचा हिशेब कोणापाशीच नसतो. ओलसर जागेसाठी हिरव्या कागदाचा बोर्ड मिळतो आणि दुकानदार तो दीडपट विश्वासाने पुढे करतो; पण तो स्नानगृहाच्या वाफेला तोंड देण्यासाठी आहे, गळक्या स्लॅबची धार झेलण्यासाठी नव्हे. पाण्याचा डाग म्हणजे घराने मालकाकडे केलेला अर्ज असतो. त्या अर्जावर बोर्ड ठोकला म्हणून तो निकालात निघत नाही, फक्त दप्तरात दबून राहतो.

यात मुहूर्ताची भर पडते. रायपुरास साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरात विटांच्या भिंती व स्लॅब आतून ओलेच असतात. त्यांनी घेतलेले पाणी परत सोडावयास मार्गशीर्ष उजाडतो. नेमक्या याच वेळी आपण त्यांच्या अंगाशी तक्ते बसवून वारा बंद करतो, का तर दिवाळी तोंडावर आली. वैशाखातल्या लग्नासाठी काम काढले तर उलटाच प्रकार: त्या कोरड्या झळांत सांध्यांत भरलेला मसाला पृष्ठभागी तासाभरात वाळतो, आत ओला राहतो, आणि वरात घरी येण्यापूर्वी सांध्यासांध्यावर केसाएवढ्या रेषा उमटतात. दिवाळी होऊन गेल्यावर, मार्गशीर्ष लागल्यापासून होळीपर्यंतचे महिने या कामाला सर्वांत योग्य. पण दिवाळी होऊन गेल्यावर छत बसवा असे कोणा गृहिणीला सांगण्याचे धैर्य आमच्या अंगी नाही, आणि ठेकेदाराच्या अंगी ते असण्याचे काही कारणच नाही.

आता ज्या कारागिरीचा वर उल्लेख केला तिच्याकडे वळतो, कारण ती पाहण्यासारखी असते आणि आपण ती क्वचितच पाहतो. चांगला मिस्त्री प्रथम चारही भिंतींवर पाण्याच्या नळीने एकच पातळी उतरवून रंगाच्या दोऱ्याचा फटका मारतो. त्या रेषेवर कडेचे चॅनेल बसते, स्लॅबला खिळवलेल्या पट्ट्यांवर मधले चॅनेल चार-चार फुटांवर टांगले जातात आणि त्यांना आडवे असे, बोर्ड पेलणारे सेक्शन दीड-दीड फुटावर येतात. बोर्ड असतो सहसा साडेबारा मिलिमीटर जाडीचा, सहा फूट बाय चार फुटांचा, वीस किलोंच्या आसपास. दोघांनी तो डोक्यावर तोलून धरावयाचा आणि तिसऱ्याने स्क्रू मारावयाचे. स्क्रूचे डोके कागदाच्या पातळीखाली किंचित उतरले पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर तो स्क्रू मोजणीपुरताच आहे असे समजून शेजारी दुसरा मारावा. घाईचा मिस्त्री यंत्राचा घोडा दाबून धरतो, सगळे स्क्रू खोल रुततात आणि काम भराभर पुढे सरकते. मालक खाली उभा राहून त्या वेगाचे कौतुक करतो.

परंतु खरी परीक्षा सांध्याची. बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम किंचित उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे दोन बोर्ड शेजारी आले की मध्ये उथळ पन्हळ तयार होते. त्या पन्हळीत मसाल्याचा पहिला हात भरून तो ओला असतानाच कागदी टेप त्यावर बसवावी आणि पट्टीने मधोमध दाबून ओढत न्यावी, म्हणजे टेपेखालची हवा व जादा मसाला दोन्ही बाजूंनी निघून जातो. हवा राहिली तर तेथे पुढे फोड येणार हे ठरलेले. मग थांबावे. येथे थांबणे हेच काम आहे, आणि नेमके तेच कोणाला करवत नाही. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा, त्याहून रुंद. तो वाळल्यावर तिसरा, फूटभर रुंदीचा, कडेला इतका पातळ की बोटाला कोठे संपला ते कळू नये. आखूड कडा मात्र उतरत्या नसतात, तेथे सांधा उंचवट्यासारखा राहतो, म्हणून तेथे मसाला अधिकच दूरवर पसरून डोळ्याला फसवावे लागते. आणि अशा आखूड सांध्यांची एक सरळ रेषा खोलीभर पडू नये म्हणून विटांच्या थरांप्रमाणे बोर्डही एकाआड एक सरकवून लावावे लागतात. शेवटी घासकाम, आणि त्याची पारख दिवसाउजेडी समोरून पाहून होत नाही: रात्री दिवा भिंतीलगत, छताच्या अगदी जवळ धरून आडवा प्रकाश टाकावा, म्हणजे प्रत्येक लाट, प्रत्येक ओरखडा आपली सावली घेऊन पुढे येतो. आपल्याकडे ही पारख मिस्त्रीऐवजी त्या कोनाड्यांत लपवलेले दिवे करतात, आणि तीही बिल चुकते झाल्यानंतर. जी शोभेची दिव्यांची कड आपण हौसेने करून घेतो तीच सांध्यांच्या कामाची चहाडी सांगते, हा एक न्यायच म्हणावयाचा.

अमेरिकेतील या धंद्याच्या संघटनांनी 1990 साली एकत्र येऊन सांध्याच्या व पृष्ठभागाच्या कामाच्या शून्यापासून पाचपर्यंत सहा पायऱ्या लेखी ठरवून टाकल्या: शून्य म्हणजे नुसता बोर्ड, पुढे टेप, पुढे एकेक हात, आणि पाचवी पायरी म्हणजे सांध्यांसकट सबंध पृष्ठभागावर पातळ थर, जो आडव्या प्रकाशाच्या जागी आणि चकचकीत रंगाखाली मागावयाचा. आमच्या पाहण्यात आलेल्या अंदाजपत्रकांत याच्या जागी एकच शब्द असतो, ‘फिनिशिंगसहित’, आणि त्या एका शब्दाच्या अर्थावरून पुढे मालक, ठेकेदार व रंगारी यांच्यात जो तंटा माजतो त्यात रंगारी सांध्याला नावे ठेवतो, मिस्त्री रंगाला नावे ठेवतो आणि मालक आपल्या नशिबाला. कोव्ह, म्हणजे दिवे लपवणारी कड, किती इंची, मधला नक्षीचा चौक कोणत्या आकाराचा, दिवे किती, हे सर्व त्याच कागदावर रुपये-पैशांनिशी मांडलेले असते. सांध्यांना टेप कागदाची की जाळीची, हात किती, दोन हातांमध्ये अवधी किती, हे कोठेच नाही. आमची मागणी अगदी साधी आहे: हे कलम लेखी असावे, आणि त्याबद्दल मालकाने फुटामागे अधिक मोजावे. कोव्हचा एक फेरा कमी केला तरी तेवढी शिल्लक सहज पडेल.

मालाविषयी एक शब्द. बोर्डावर भारतीय मानक 2095 चा छाप पाहून घ्यावा, हे सांगण्यात आम्हाला कोणाच्या व्यापाराची जाहिरात करावयाची नाही. 2005 च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर घरे पुन्हा बांधताना बोर्डाचा तुटवडा पडला, तेव्हा परदेशातून आलेल्या काही मालातून गंधकाचे वायू सुटून घराघरांतली तांब्याची वायरिंग व वातानुकूलन यंत्रांच्या नळ्या काळ्या पडल्या, आणि हजारो कुटुंबांना नवे घर आतून सोलून काढावे लागले. भिंत सर्वांत स्वस्त वस्तू वाटते, पण ती बदलण्याचा प्रसंग आला की घरातली सर्वांत महाग वस्तू तीच ठरते.

चौबे कॉलोनीला आणखी एक प्रकरण लागू आहे. विद्यार्थ्यांची वर्दळ वाढली तशी जुन्या प्रशस्त घरांतल्या मोठ्या खोल्या दुभागून, तिभागून भाड्याने देण्याची प्रथा पडली, आणि विटांच्या भिंतीचा भार खालच्या स्लॅबला पेलवणार नाही म्हणून बोर्डाची आडभिंत घालणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग आहे. कारण दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या साडेचार इंची विटांच्या भिंतीच्या मानाने तिचे वजन दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. पण पोकळ भिंत पोकळ ठेवली तर पलीकडच्या मुलाचे पाठांतर अलीकडच्या मुलाला तोंडपाठ होते. आत काचेची लोकर भरली की बराच फरक पडतो, आणि नेमकी तीच बचत म्हणून गाळली जाते. कपाट, आरसा किंवा पुस्तकांची फळी कोठे टांगावयाची हे आधी ठरवून तेथे आत प्लायवूडचा आधार द्यावा लागतो. मागाहून नुसत्या बोर्डात खिळा मारला तर तो फळीसकट खाली येतो. आगीच्या बाबतीत जिप्समचे वर्तन फारच सज्जनपणाचे असते. अंगात बांधलेले ते पाणी वाफ होऊन सुटेपर्यंत तक्त्याची पाठ शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही, आणि तेवढ्या वेळात माणूस बाहेर पडू शकतो. मात्र बाहेर पडावयास वाट असली पाहिजे. एका खिडकीच्या खोलीच्या दोन खोल्या केल्या की एकीच्या वाट्याला खिडकी येते आणि दुसरीच्या वाट्याला भाडे. या गोष्टीला परवानगी कोण देतो, किंबहुना ती कोणी मागतो तरी का, याची चौकशी महानगरपालिकेच्या दप्तराने एकदा घरोघर करावयास हरकत नाही.

उंचीचेही असेच. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची पावणेतीन मीटरांहून, म्हणजे सुमारे नऊ फुटांहून, कमी नसावी, आणि वातानुकूलित खोलीत लोंबत्या छताच्या खालच्या बाजूपर्यंत ती 2.4 मीटर असली तरी चालते. जुन्या घरांची दहा-साडेदहा फूट उंची ही अशा उन्हाळ्याच्या गावात ऐश नव्हती, गरज होती. तापलेली हवा वर जाई आणि छताखालच्या झरोक्यांतून निघून जाई. नवे छत नेमके त्या झरोक्यांच्या खालून जाते. याला प्रतिवाद असा की मधल्या पोकळीमुळे स्लॅबची धग खाली कमी उतरते, वातानुकूलन यंत्राला कमी हवा गार करावी लागते आणि विजेचे बिल उतरते. हा प्रतिवाद खरा आहे, पोकळीत लोकर अंथरली असेल तर अधिकच खरा आहे, आणि ज्या घरात यंत्र सारा उन्हाळा चालू राहणार त्या घराने तो जरूर मानावा. पण जेथे यंत्र एका खोलीत, दुपारपुरतेच, आणि बाकीचे घर पंख्यावर, तेथे झरोके बुजवून मिळवलेला गारवा कागदावरच राहतो; त्याऐवजी गच्चीवर चैत्रात चुन्याचा दाट पांढरा हात मारला तर फार थोड्या खर्चात पुष्कळ धग वरच्या वरच परतते.

पंखा टांगावयाचा तो स्लॅबच्या हुकालाच, दांडी लांब करून; छताच्या चॅनेलला पंखा बांधण्याचे धाडस करणारे मिस्त्री आहेत आणि त्यांना तसे करू देणारे मालकही आहेत. आणि मराठी घरांतल्या झोपाळ्याच्या कड्यांचे काय? या गावात मराठी माणूस आजचा नाही. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत इकडे उतरले, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, त्यांच्याबरोबर व त्यांच्या मागून कारकून, वैद्य, शास्त्री आले. 1935 साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आज याच चौबे कॉलोनीत आहे आणि गणपतीत तेथे जी मराठी कानी पडते तिला पुणेकर हसले तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली आहे. या कुटुंबांच्या घरांत स्लॅब टाकतानाच झोपाळ्यासाठी दोन जाडजूड कड्या आणि पाळण्यासाठी एक, अशा सोडलेल्या असत. नव्या छतात या कड्या गडप होतात. नातू जन्मला म्हणजे पाळणा कोठे बांधावयाचा हा प्रश्न आजीला पडतो, आणि बोर्डाला चौकोनी भोक पाडून कडी शोधताना जी धांदल उडते ती पाहिल्यावर, प्रत्येक खोलीच्या छतात एक तरी उघडता येणारे झाकण ठेवावे ही आमची सूचना अवाजवी वाटू नये. दीड फुटाचे ते झाकण हुकासाठी, वायरिंगच्या पेटीसाठी, आणि श्रावणात एकदा शिडी लावून वर ओल आहे की नाही हे विजेरीने पाहण्यासाठी. ठेकेदाराला ते आवडत नाही, कारण त्याने त्याच्या चौकाची शोभा भंगते.

घासकामाच्या दिवशी त्या खोलीत पाच मिनिटे उभे राहून पाहावे. पांढऱ्या धुक्यात मिस्त्रीच्या भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या असतात, नाकातोंडाला गमछा गुंडाळलेला असतो, आणि त्या गमछ्यातून बारीक भुकटी सर्रास आत जाते. घरचे लोक फर्निचरला प्लॅस्टिक गुंडाळतात. धूळ अडवणारी चांगली मुखपट्टी छताच्या एकूण खर्चाच्या मानाने कवडीमोलाची असते, ती मालकाने आणून द्यावी, आणि लांबीच्या शेवटच्या हातावर कोरड्या कागदाऐवजी ओला स्पंज फिरवता येत असेल तर तसे करावयास सांगावे; सफाई किंचित कमी आली तरी चालेल.

शेवटी राहतो कचरा. एका दिवाणखान्याच्या कामात तुकडे, चुरा आणि वाळून दगड झालेला मसाला मिळून पाच-सहा गोण्या सहज निघतात, आणि त्या अंधार पडल्यावर नालीच्या काठी किंवा एखाद्या तळ्याच्या उताराशी रिकाम्या होतात. तलावांचे म्हणून ओळखले जाणारे हे शहर. ओले जिप्सम सडक्या केरात दबून हवेवाचून पडले की जिवाणू त्यातून कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू तयार करतात, म्हणूनच युरोपात ते साध्या कचऱ्यात टाकण्यास बंदी आहे. तुकडे वेगळे बांधून ज्या दुकानातून माल आणला तेथेच, किंवा सिमेंटच्या कारखान्याला घेता येतील अशा ठिकाणी परत पोचवावेत, असे कलम अंदाजपत्रकात घालून पाहा. मिस्त्री आधी हसतो, मग पेन्सिल कानावरून काढून फुटामागे दोन रुपये जादा लिहितो. ते घासाघीस न करता द्यावेत.